झाडावर आधी खाऊ होता, काच नंतर आली

तुम्ही विचारलंय की मुलीच्या हट्टापायी नाशिकच्या नर्सरीतून कुंडीतलं ‘ख्रिसमस ट्री’ आणलं, आणि आता ती रोज विचारते, ह्याला लाल गोळेच का लावायचे? शिवाय तुमचा स्वतःचा प्रश्न असा, की ह्या झाडाचा येशूच्या जन्माशी नेमका काय संबंध, आणि ही सजावटीची पद्धत सुरू कुठे झाली.

मुलीचा प्रश्न आधी घेते, कारण तोच जास्त चांगला आहे. तिला सांगा, लाल गोळा म्हणजे सफरचंद. आज तो काचेचा किंवा प्लास्टिकचा असतो, पण सुरुवातीला त्या जागी खरंखुरं, खाता येणारं सफरचंद लटकायचं. आणि एकटं सफरचंदच नाही, झाडावर जे जे असायचं ते बहुतेक सगळं खाण्याचं असायचं.

मी मूळची वसईची. गेली काही वर्षं जर्मनीत, येना शहरात राहते आणि काचेच्या कारखान्यात काम करते. म्हणजे नाताळ माझ्या घरचा आणि काच माझ्या पोटापाण्याची, त्यामुळे ह्या विषयावर मला कुणी विचारलं की थांबवत नाही. उत्तर लांबणार आहे.

बायबलमध्ये ह्या झाडाचा कुठेही उल्लेख नाही. येशूच्या जन्माच्या गोष्टीत गोठा आहे, मेंढपाळ आहेत, तारा आहे, पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक आहेत. फरचं झाड, म्हणजे थंड मुलखातलं, सुईसारख्या पानांचं सदाहरित झाड, मात्र नाही. असणार कसं? बेथलेहेम हा काही बर्फाळ जंगलांचा मुलूख नाही. झाड आलं ते युरोपातून, आणि तेही येशूच्या जन्माच्या गोष्टीतून आलेलं नाही. ते आलं आदाम आणि एवाच्या गोष्टीतून.

जुन्या युरोपात 24 डिसेंबर हा आदाम-एवाचा दिवस मानला जाई. त्या सुमारास गावोगावी त्यांच्या गोष्टीचं नाटक होत असे. आपल्याकडे दशावतारी खेळात जसं देव-दानव समोर उभे करून पुराणातली गोष्ट सांगतात, तसंच काहीसं. वाचता न येणाऱ्या माणसांना डोळ्यांनी दाखवलेला धर्मग्रंथ. ह्या नाटकाला एक झाड लागायचं, ज्याचं फळ खाऊन आदाम-एवा नंदनवनातून हाकलले जातात. पण डिसेंबरात तिकडे सफरचंदाच्या झाडावर पानसुद्धा उरत नाही. हिरवं राहतं ते फर. मग फरचं झाड आणायचं आणि त्याला सफरचंदं बांधायची. नाताळच्या झाडाचा इतिहास सांगणारे बहुतेक अभ्यासक त्याचं मूळ ह्या ‘नंदनवनाच्या झाडा’शी जोडतात. इथे जर्मनीत अजूनही अनेक घरांत झाड सजतं ते 24 तारखेलाच. संध्याकाळपर्यंत दार बंद, आत मोठी माणसं सजावट करतात, मग घंटी वाजते आणि मुलांना आत सोडतात.

घरातल्या झाडाचे जुने पुरावे मिळतात ते आल्सास प्रांतात, जो आज फ्रान्समध्ये आहे आणि तेव्हा जर्मन भाषकांचा होता. तिथल्या सेलेस्ता गावाच्या 1521 सालच्या हिशेबवहीत एक नोंद आहे: सेंट थॉमसच्या दिवशी, म्हणजे 21 डिसेंबरला, झाडांची राखण करायला वनरक्षकांना 4 शिलिंग. एवढीच ओळ. पण विचार करा, राखणदार कधी नेमतात? लोक तोडून न्यायला लागले की. म्हणजे 1521 च्या आधीपासूनच लोकांची जंगलाकडे धाव सुरू झालेली असणार. गावचा खर्च लिहिणाऱ्या त्या कारकुनाच्या मनातही नसेल की पाचशे वर्षांनी लोक त्याची ही ओळ शोधत येतील.

पुढे 1605 मध्ये स्ट्रासबुर्गबद्दल एकाने लिहून ठेवलंय की इथले लोक नाताळात दिवाणखान्यात फरची झाडं उभी करतात आणि त्यांना रंगीत कागदाची गुलाबं, सफरचंदं, पातळ चकत्या, सोनेरी बेगड आणि साखरेचे पदार्थ टांगतात. ही यादी मला फार आवडते. चकत्या म्हणजे मिस्सामध्ये, चर्चमधल्या मुख्य उपासनेत, प्रसादासारख्या देतात तशा पातळ, पांढऱ्या. एकाच झाडावर सफरचंद आणि ती चकती: एक आदाम-एवाच्या पापाची खूण, दुसरी तारणाची. आणि त्यांच्यामध्ये बेगड आणि साखर, कारण घरात मुलं होती.

मुलं ह्या गोष्टीत पहिल्यापासून आहेत. ब्रेमेन शहरात 1570 च्या सुमारास कारागिरांच्या एका संघाने आपल्या सभागृहात छोटं झाड उभं केलं, त्याला सफरचंदं, अक्रोडासारखी फळं, खजूर, कागदाची फुलं लावली, आणि नाताळच्या दिवशी कारागिरांच्या मुलांना ते झाड लुटू दिलं. लुटू दिलं हाच शब्द बरोबर आहे. आपल्याकडे संक्रांतीत बोरन्हाणात मुलं बोरं, चुरमुरे, हलवा गोळा करायला जशी तुटून पडतात तसं डोळ्यांपुढे आणा. स्वीडनमध्ये अजून 13 जानेवारीला झाड उतरवताना मुलांना बोलावून उरलेला खाऊ असाच वाटतात, आणि त्या कार्यक्रमाच्या नावातच ‘लूट’ आहे.

सगळ्यांना हे पटलं असं नाही. स्ट्रासबुर्गचेच एक धर्मपंडित, योहान कोनराड डानहाउअर, यांनी 17व्या शतकाच्या मध्याला तक्रार केली की लोक घरात फरचं झाड लावतात, त्याला बाहुल्या आणि साखर टांगतात, मग ते हलवून लुटतात, आणि ही रीत आली कुठून ते देव जाणे. त्यापेक्षा मुलांना देवाचं वचन शिकवा. म्हणजे चर्चने वरून फर्मान काढून झाड आणलं असं जे समजलं जातं ते चूक आहे. घरांनी ते आणलं. चर्चने बऱ्याच उशिरा मान्य केलं.

तुम्ही शोधायला बसलात तर आणखी दोन गोष्टी सापडतील. एक संत बोनिफस यांची. 8व्या शतकात त्यांनी जर्मन लोकांच्या जुन्या, ख्रिस्तपूर्व धर्मातल्या डोनार देवाचा पवित्र ओक तोडला आणि तिथे फर उगवलं, असं सांगतात. ओक तोडल्याचं त्यांच्या जुन्या चरित्रात आहे. पण तिथे पुढे असं लिहिलंय की त्या लाकडातून प्रार्थनामंदिर बांधलं. फर नंतरच्या लोकांनी घुसडलं. दुसरी प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणारे जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांची: रात्री जंगलातून येताना फांद्यांमधून चांदण्या दिसल्या आणि त्यांनी घरी झाडाला मेणबत्त्या लावल्या. ल्यूथर यांनी स्वतः किंवा त्यांच्या काळातल्या कुणी हे लिहिलेलं नाही. 19व्या शतकातल्या चित्रांनी ती गोष्ट घराघरात नेली. मेणबत्त्यांचा एक पक्का जुना पुरावा आहे तो 1708 मधल्या पत्रात. फ्रान्सच्या राजघराण्यात लग्न करून गेलेली जर्मन राजकन्या लिझेलोटे आपल्या लेकीला लिहिते की आमच्या लहानपणी टेबलं देव्हाऱ्यासारखी मांडायचे, त्यांवर छोटी झाडं ठेवायचे आणि प्रत्येक फांदीला एक मेणबत्ती लावायचे. माहेरच्या आठवणीने लिहिलेलं पत्र आहे ते.

ल्यूथर यांच्या गोष्टीत एक खरं सूत्र मात्र आहे. झाड हे बराच काळ प्रोटेस्टंट घरांचं होतं, आणि कॅथलिक घरांचा होता तो गोठा. इटलीत ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी 1223 साली येशूजन्माचा देखावा उभा केला, आणि कॅथलिक जगात ती परंपरा घट्ट बसली. रोममध्ये सेंट पीटर्स चौकात पहिलं झाड उभं राहिलं ते थेट 1982 मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात.

इथे माझ्या घरची गोष्ट जोडली जाते. वसई पोर्तुगिजांकडे 1534 पासून 1739 पर्यंत होती, आणि गोवा तर 1961 पर्यंत. पोर्तुगीज कॅथलिक, म्हणून ‘नाताळ’ हा शब्द त्यांच्या भाषेतून आला आणि नाताळात मान गोठ्याला मिळाला. माझी आजी डिसेंबरच्या सुरुवातीला पसरट भांड्यात माती घेऊन नाचणी पेरायची. घटस्थापनेला धान्य पेरतात ना, अगदी तसं. दोन आठवड्यांत बोटभर कोवळं हिरवं तयार व्हायचं आणि ते गोठ्यापुढे शेत म्हणून मांडायचं. बाहेर ओटीवर बांबूच्या काड्यांचा, कागद चिकटवलेला तारा. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सख्खा भाऊ. झाड आजीच्या नाताळात नव्हतंच. ते आमच्याकडे पप्पांनी आणलं, तेही फर नव्हे. समुद्राकाठच्या सुरूची एक फांदी, पत्र्याच्या डब्यात वाळू भरून त्यात रोवलेली, आणि फांद्यांवर कापसाचं बर्फ. आजी त्या फांदीकडे बघून म्हणाली होती, “हे कशाला रे? बाळ तर गोठ्यात जन्मलं.” इतिहासाच्या दृष्टीने तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, हे मला जर्मनीत आल्यावर कळलं.

जर्मनीबाहेर झाड पसरलं ते मुख्यतः माहेरवाशिणींच्या सामानातून. लग्न होऊन दुसऱ्या राजवाड्यात गेलेल्या जर्मन मुलींनी ते सोबत नेलं. इंग्लंडची राणी शार्लट जर्मन होती; तिने 1800 साली विंडसरला मुलांसाठी झाड सजवलं. व्हिएन्नात नासाऊच्या राजकन्या हेन्रिएटा यांनी 1816 च्या सुमारास नेलं. पण सामान्य लोकांनी ते उचललं एका छापील चित्रामुळे. 1848 साली इंग्लंडमधल्या एका सचित्र साप्ताहिकाने राणी व्हिक्टोरिया, त्यांचे जर्मन पती आल्बर्ट आणि मुलं टेबलावरच्या झाडाभोवती उभी आहेत असं चित्र छापलं. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या एका महिला मासिकाने तेच चित्र घेतलं, राणीच्या डोक्यावरचा मुकुट आणि आल्बर्ट यांच्या मिशा पुसून टाकल्या, आणि ते साधं अमेरिकन कुटुंब म्हणून छापलं. लाखो घरांनी त्या चित्रात स्वतःला पाहिलं.

आता काच. येनाहून दक्षिणेला थुरिंगियाच्या डोंगरात लाऊशा नावाचं छोटं गाव आहे. चारी बाजूंना जंगल, घरांच्या भिंतींनासुद्धा काळ्या पाटीच्या दगडाचे खवले. 1597 मध्ये हान्स ग्राइनर आणि क्रिस्टोफ म्युलर यांनी तिथे काचभट्टी घातली, कारण भट्टीला लागणारी लाकडं दारातच होती. गावाने पुढे पेले केले, मणी केले, बाहुल्यांचे डोळे केले. माणसाला बसवायचा काचेचा कृत्रिम डोळाही 1835 मध्ये ह्याच गावच्या लुडविग म्युलर-उरी यांनी केला. आणि तिथल्या एका काचकाराच्या वहीत 1848 साली नाताळच्या झाडासाठी सहा डझन गोळ्यांची मागणी नोंदलेली आहे.

गावात एक गोष्ट सांगतात. एका गरीब काचकाराला मुलांच्या झाडावर टांगायला सफरचंदं आणि अक्रोड परवडेनात, म्हणून त्याने ती काचेची फुंकली. फ्रान्सच्या लोरेन प्रांतातल्या लोकांची गोष्ट वेगळी: तिकडे 1858 मध्ये दुष्काळ पडला, सफरचंदं आलीच नाहीत, म्हणून काचकारांनी ती घडवली. दोन्ही दंतकथाच. पण दोन गावं, एकमेकांपासून दूर, आणि दोघांच्याही गोष्टीत काच येते ती न मिळालेल्या फळाच्या जागी. मला ह्या गोष्टी म्हणूनच खोट्या वाटत नाहीत, तारीख-वार जुळो न जुळो.

मी लाऊशाला पहिल्यांदा गेले तेव्हा एका कार्यशाळेत दोन तास उभी होते. कारागीर काचेची नळी घेतो आणि ज्योतीवर सतत फिरवत राहतो. थांबला की काच एका बाजूला ओघळते. मधला भाग नारिंगी, मऊ झाला की तो ज्योतीतून बाहेर काढतो आणि फुंकतो. फुंकर जोरात नसते. गरम चहावर फुंकावं तितकीच. डोळ्यांसमोर नळीचा फुगा होतो, आणि काच इतकी पातळ होते की थंड होताना टिक टिक असा बारीक आवाज येतो. फळाचा किंवा पक्ष्याचा आकार हवा असेल तर मऊ काच दोन अर्ध्या साच्यांत धरून फुंकतात. मग चांदी. सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण थोडंसं गोळ्याच्या मानेतून आत ओततात, त्यात साखरेसारखं एक द्रावण मिसळतात, आणि गोळा कोमट पाण्यात धरून हलवत राहतात. आधी आतलं पाणी मातकट होतं, मग काळपट, आणि मग एका क्षणी गोळा आतून आरसा होतो. कारखान्यात काचेबरोबर इतकी वर्षं काढूनही त्या क्षणी माझ्या तोंडून आवाज निघाला. म्हणजे ती चकाकी बाहेरून लावलेली नसते, आतून असते. रंग तेवढा बाहेरून.

हे सगळं शक्य झालं त्याला एक कारण आहे: 1867 मध्ये गावात गॅस आला. त्याआधी तेलाच्या दिव्याच्या ज्योतीवर काम चालायचं, ती ज्योत पुरेशी गरम आणि स्थिर नसे. गॅसमुळे मोठे, पातळ गोळे फुंकता येऊ लागले. काम घराघरात चालायचं. पुरुष फुंकायचा, बायको चांदी भरायची, पोरं रंग द्यायची, माना कापायची, टोपणं लावायची. स्वयंपाकघरात दोऱ्यांवर आणि खुंट्यांवर ओले गोळे वाळत असायचे. माल तयार झाला की बायका पाठीवरच्या मोठाल्या टोपल्यांत भरून झोनेबर्गच्या व्यापाऱ्यांकडे चालत न्यायच्या. डोंगरउताराचा रस्ता आणि पाठीवर काच. भाव ठरवायचा तो व्यापारी. 1880 च्या दशकात अमेरिकेचे दुकानदार फ्रँक वूलवर्थ यांनी हे गोळे आपल्या स्वस्त वस्तूंच्या दुकानांत विकायला सुरुवात केली आणि मागणी वाढत गेली. ज्या घरांत सफरचंद परवडत नव्हतं, ती घरं समुद्रापलीकडच्या झाडांसाठी काचेची सफरचंदं डझनांनी फुंकत होती. नाताळच्या चकाकीबद्दल बोलताना मला त्या टोपलीवाल्या बायका आठवल्याशिवाय राहत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मन माल येणं बंद होणार असं दिसल्यावर अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने विजेच्या बल्बच्या काचा बनवणाऱ्या यंत्रावर हे गोळे काढले, आणि 1940 पर्यंत दिवसाला सुमारे 3 लाख गोळे निघू लागले. युद्धात धातू आणि चांदी मिळेना तेव्हा त्यांनी टोपण पुठ्ठ्याचं केलं आणि गोळे आतून रिकामेच, पारदर्शक ठेवले. ते साधे गोळे मला चांदीच्या गोळ्यांपेक्षा सुंदर वाटतात.

बाकी सजावटीचं थोडक्यात सांगते. चंदेरी झिरमिळ्या आधी खऱ्या चांदीच्या तारेच्या असत, नंतर शिशाच्या पत्र्याच्या. शिसं जड, म्हणून त्या सरळ रेषेत लोंबायच्या. आमच्या शेजारच्या आजीबाई सांगतात की त्यांच्या आई जानेवारीत एकेक झिरमिळी काढून, बोटांनी सपाट करून, वर्तमानपत्रात गुंडाळून पुढच्या वर्षासाठी ठेवायच्या. शिसं विषारी, म्हणून पुढे ते बंद झालं, आणि आता प्लास्टिकच्या येतात. विजेचे दिवे 1882 मध्ये न्यूयॉर्कला आले. एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरच्या झाडावर लाल, पांढरे, निळे असे 80 छोटे बल्ब लावले आणि झाड विजेवर गोल फिरवलं. त्याआधी मेणबत्त्या काही मिनिटंच पेटवत आणि शेजारी पाण्याची बादली ठेवत. आणि सोव्हिएत रशियाने 1920 च्या दशकात धार्मिक म्हणून हे झाड हद्दपार केलं, पण 1935 च्या अखेरीस नववर्षाचं झाड म्हणून परत आणलं. सजावट तीच राहिली, नाव बदललं.

आता तुमच्या कुंडीकडे येते. नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा अरोकेरिया असतं, पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचं झाड. फरच्या झाडाशी त्याचं जवळचं नातं नाही, पण आडव्या फांद्यांचे मजले सारखे दिसतात म्हणून ते नाव पडलं. तीन गोष्टी सांभाळा. शेंडा कापू नका, कापला की आकार कायमचा बिघडतो. सजवून अंधाऱ्या कोपऱ्यात महिनाभर ठेवू नका, खालच्या फांद्या एकदा वाळल्या की तिथे पुन्हा येत नाहीत. आणि फांद्या नाजूक असतात, काचेचे जड गोळे त्यांना पेलत नाहीत.

म्हणून मुलीला सांगा की आपण जुन्या पद्धतीने सजवू. रंगीत कागदाची गुलाबं तुम्ही दोघी करा. क्रेप पेपर आणि सुई-दोरा पुरे. लाल रंगासाठी पिकलेली बोरं ओवून माळ करा, डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या बाजारात ती मिळतातच. शेंगदाणे बेगडात गुंडाळून टांगा. 6 जानेवारीला, तीन राजांच्या (म्हणजे पूर्वेकडून आलेल्या त्या ज्ञानी लोकांच्या) सणाच्या दिवशी, तिच्या मैत्रिणींना बोलवा आणि झाड लुटू द्या. कुंडी तेवढी एका हाताने धरून ठेवा.